तरंगंबाडीचा पत्रव्यवहार

परमुलखात धर्मप्रसारासाठी गेलेल्या माणसाच्या हाती जी साधने असतात, त्यांपैकी प्रवचन, शाळा, रुग्णालय आणि छापखाना यांचे उल्लेख इतिहासग्रंथांतून वारंवार येतात. पत्र या साधनाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले. वास्तविक युरोपातून हिंदुस्थानात आलेल्या ख्रिस्ती मिशनांचा इतिहास पहिल्यापासूनच पत्रांनी भरलेला आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरला. १५४४ च्या जानेवारीत त्याने कोचीनहून आपल्या सहबांधवांना धाडलेले पत्र पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये छापून निघाले, आणि ते वाचून पौर्वात्य देशांकडे वळलेले तरुण थोडे नव्हते. ज्याच्या 'क्रिस्तपुराणा'ने १६१६ साली मराठी भाषेच्या भांडारात एका वेगळ्याच अलंकाराची भर घातली, त्या फादर टॉमस स्टीफन्सने १५७९ साली गोव्यास पोचताच आपल्या वडिलांस सविस्तर पत्र लिहिले. १५८३ साली भावास लिहिलेल्या पत्रात तर येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन या भाषांशी जुळते असे त्याने नमूद केले. तौलनिक भाषाशास्त्राचा जन्म होण्यास तेव्हा दोनशे वर्षांचा अवकाश होता.

ही सारी पत्रे मात्र एकाच दिशेने वाहत होती. हिंदुस्थानातील मिशनरी लिहीत आणि युरोपातील त्यांचे आप्त, गुरू व पाठीराखे वाचीत. ज्या लोकांविषयी ती लिहिली जात, त्यांचा आवाज त्यांत क्वचितच उमटे, आणि तोही लेखणी धरणाऱ्याला रुचेल तेवढाच. ज्यांना आपल्या धर्मात आणावयाचे त्यांनाच पत्रे लिहावी, त्यांच्याकडून उत्तरे मागवावी, त्यांत आपल्या धर्माविषयी व आचाराविषयी जे काही प्रतिकूल असेल तेही भाषांतरित करून आपल्या देशबांधवांपुढे ठेवावे, हा प्रकार अठराव्या शतकाच्या आरंभी कावेरीच्या मुखाजवळच्या एका लहानशा डॅनिश वसाहतीत घडला. त्या गावाचे नाव तरंगंबाडी. युरोपीय लोक त्यास त्रांकेबार म्हणत.

तरंगंबाडीचा प्रदेश १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांस एका तहान्वये दिला आणि त्यांनी समुद्राच्या काठी डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. पुढे १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले, आणि डॅनिश लोक आपले वार्षिक देणे मराठ्यांच्या दरबारात भरू लागले. या हकीकतीतील मुख्य घटना घडल्या, तेव्हा तंजावरच्या गादीवर प्रथम शहाजीराजे व १७१२ पासून पहिले सरफोजीराजे होते. किल्ल्याच्या भिंतीबाहेर थोडे चालून गेले की डेन्मार्कच्या राजाचा अंमल संपे व मराठ्यांचा सुरू होई. ही सरहद्द पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या मनात आपल्या वसाहतीत धर्मोपदेशक धाडावे असे आले. आपल्या देशात त्यास योग्य माणसे मिळेनात, म्हणून त्याने जर्मनीतून दोन तरुण निवडले. बार्थोलोमेयस त्सीगेनबाल्ग हा १६८२ साली सॅक्सनीमधील पुल्सनित्स गावी जन्मलेला. हाइनरिश प्ल्युचाऊ हा त्याचा सोबती. दोघांचाही हाले येथील आउगुस्ट हेरमान फ्रांके या धर्मशास्त्रज्ञाशी संबंध होता. अंतःकरणातील श्रद्धा आणि दीनदुबळ्यांची सेवा यांवर भर देणाऱ्या पायटिस्ट पंथाचा फ्रांके हा अध्वर्यू होता, आणि त्याने उभारलेल्या अनाथालयाभोवती शाळा, औषधालय, छापखाना व ग्रंथालय असे एक मोठे संस्थान वाढत होते. १७०५ च्या नोव्हेंबरअखेरीस कोपनहेगन सोडलेले हे दोघे तरुण ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीस पोचले. सात महिन्यांहून अधिक काळ समुद्रात गेला. पुढे याच मार्गाने ये-जा करणाऱ्या पत्रांनाही यापेक्षा घाई करता येणार नव्हती. येथे विचारलेल्या प्रश्नाचे हालेहून उत्तर यावयाचे म्हणजे दीड-दोन वर्षे वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागे.

किल्ल्यातील व्यापाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले नाही. मिशनरी आले म्हणजे प्रजेत कुरबुर होणार व व्यापारात खोट येणार, हा त्यांचा हिशेब होता. वसाहतीचा प्रमुख हासियुस याच्याशी खटके उडू लागले आणि १७०८ च्या अखेरीस त्सीगेनबाल्गला सुमारे चार महिने डान्सबोर्ग किल्ल्यात कैदेत काढावे लागले. राजाने पाठविलेल्या माणसास राजाच्याच अधिकाऱ्याने कोठडीत घालावे, ही गोष्ट त्या काळच्या वसाहतींच्या कारभारावर पुरेसा प्रकाश टाकते.

इकडे भाषेचा अभ्यास आधीच सुरू झाला होता. एका तमिळ पंतोजीने आपली शाळा मिशनऱ्यांच्या घरी आणली आणि चोवीस वर्षांचा हा जर्मन तरुण लहान मुलांच्या रांगेत बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवू लागला. दोन वर्षांच्या आत त्याने तमिळ ग्रंथांचा मोठा संग्रह केला आणि १७०८ साली ११९ तमिळ ग्रंथांची सटीप सूची तयार केली. त्या सूचीत व पत्रांत त्याने एक कबुली दिली आहे. युरोपातून निघताना या लोकांना विद्या नाही, नीती नाही, राज्यव्यवस्था नाही असे तोही इतरांप्रमाणे मानीत होता. त्यांची भाषा कळू लागली, त्यांचे ग्रंथ वाचावयास मिळाले, तेव्हा ही समजूत खोटी असल्याचे त्यास दिसून आले. त्यांचा धर्म मात्र त्याला अखेरपर्यंत असत्यच वाटला. आदर आणि असहमती या दोन गोष्टी त्याच्या मनात शेवटपर्यंत शेजारी शेजारी नांदल्या, आणि त्यांतूनच पुढील पत्रव्यवहाराचा जन्म झाला.

मिशनऱ्यांना तंजावरच्या मुलखात मोकळेपणाने फिरण्याची मुभा नव्हती. वसाहत लहान, आणि शास्त्रे जाणणारे पंडित बहुतेक सरहद्दीपलीकडे राहणारे. जेथे माणसाला जाता येत नव्हते तेथे ताडपत्रावरचे पत्र मात्र जाऊ शकत होते. १७०९ साली आलेला योहान एर्न्स्ट ग्रुंडलर हा त्सीगेनबाल्गचा नवा सहकारी या कामी त्याच्या बरोबरीने झटला. प्ल्युचाऊ १७११ मध्ये युरोपास परतला होता. १७१२ ते १७१४ या काळात या दोघांनी निरनिराळ्या तमिळ विद्वानांना पत्रांद्वारे प्रश्न विचारले. आलेली उत्तरे त्यांनी जर्मनमध्ये भाषांतरित केली, त्यांस प्रस्तावना व टिपा जोडल्या आणि जहाजाने हालेस धाडली. तेथे फ्रांकेच्या छापखान्यात ती दोन खेपांनी छापली गेली. १७१४ साली ५५ पत्रे निघाली व १७१७ साली ४४. अशी एकूण ९९ पत्रे आज 'मलबारी पत्रव्यवहार' या नावाने ओळखली जातात. त्या काळी युरोपीय लोक तमिळ भाषकांनाही मलबारी म्हणत, एवढाच त्या नावाचा अर्थ. केरळाशी या पत्रांचा संबंध नाही.

प्रश्न नाना प्रकारचे होते. देव एक की अनेक, सृष्टी कशी झाली, आत्म्याचे मरणोत्तर काय होते, पापक्षालन कशाने होते, हे धर्मशास्त्राचे प्रश्न त्यांत होतेच. त्यांखेरीज विवाह कसे ठरतात, स्त्रियांना विद्या का शिकवीत नाहीत, वैद्यक कोणत्या ग्रंथांवरून चालते, ग्रहणे कशी वर्तवितात, न्याय कोण देतो, शाळांतून काय शिकवितात, हेही विचारले गेले. त्यामागे हालेच्या विद्वानांची ज्ञानलालसा होती आणि मिशनऱ्यांचा व्यवहारही होता. ज्याचे मन वळवावयाचे त्याचे मन आधी समजले पाहिजे, हे त्यांना उमगले होते. शिवाय प्रत्येक पत्रात ख्रिस्ती धर्माचे विवेचन करून त्यावर मत मागितलेले असे. मैत्री व उपदेश एकाच पाकिटात घालून धाडण्याचा हा उपक्रम होता.

उत्तरे आली ती उपदेशकांना सुखविणारी नव्हती. ईश्वर एकच असून नावे व रूपे अनेक आहेत; जसे देश निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, तसे धर्मही त्यानेच निरनिराळे निर्माण केले; ज्याने त्याने आपल्या धर्मात राहून सदाचाराने वागावे म्हणजे तो तरतो, असा सूर पुष्कळ पत्रांतून उमटतो. ख्रिस्ती धर्माची नीती उत्तम आहे हे काही जणांनी मोकळेपणाने मान्य केले; पण लगेच पुढे विचारले, की मग ख्रिस्ती लोक तिच्याप्रमाणे वागत का नाहीत? ते गोमांस खातात, मद्य पितात, स्नान-शौचाचे नियम पाळीत नाहीत, घरातल्या घरात थुंकतात, आणि एवढे असून येथील लोकांना रानटी समजून तुच्छ लेखतात. असा आचार डोळ्यांसमोर असताना या धर्मात जाण्याने माणूस अधिक पवित्र होतो असे कोणी कसे मानावे? बंदरात उतरणाऱ्या खलाशांचे व सैनिकांचे वर्तन ज्यांनी रोज पाहिले होते त्यांचा हा प्रश्न होता, आणि त्याला तर्कशास्त्राने उत्तर देता येण्याजोगे नव्हते.

हे सारे त्सीगेनबाल्ग व ग्रुंडलर यांनी दडवून ठेवले नाही, ही या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. त्यांनी टिपांतून प्रतिवाद केला, कोठे खंडन केले, कोठे खेद व्यक्त केला. परंतु पत्रे छापावयास पाठविली. त्यांत एक हेतू उघड होता. युरोपातील ख्रिस्ती वाचकांना त्यांच्याच आचाराचा आरसा दाखवावा, आणि परधर्मीयांच्या तोंडून आलेली लाज तरी त्यांना जागे करील का ते पाहावे, ही पायटिस्ट उपदेशकांची जुनी तळमळ होती. हेतू कोणताही असो, एका तमिळ गृहस्थाचे ख्रिस्ती समाजाविषयीचे मत जर्मनीतल्या घराघरांत छापील अक्षरांत वाचले जाऊ लागले, हा परिणाम त्या हेतूपेक्षा मोठा होता.

या पत्रांचा पुरावा म्हणून उपयोग करताना इतिहासकाराला सावध राहावे लागते. जर्मन छापात लेखकांची नावे नाहीत. शब्द आपल्यापुढे येतात ते भाषांतरकाराच्या हातून गेलेले, आणि हालेच्या संपादकांनीही मिशनच्या वृत्तांतांवर कात्री चालविली होती, कारण त्या वृत्तांतांवरच देणग्या अवलंबून होत्या. शिवाय विसाव्या शतकाच्या अखेरीस काही जर्मन अभ्यासकांनी असे मत मांडले, की यांतील पुष्कळ पत्रे अळगप्पन नावाच्या एकाच गृहस्थाने लिहिली असावीत. युरोपीय कागदपत्रांत त्याचे नाव अलेप्पा असे येते. डॅनिश कंपनीचा तो जुना दुभाषी. पोर्तुगीज, डॅनिश, जर्मन इत्यादी भाषा त्याला अवगत होत्या. आरंभीच्या वर्षांत तो त्सीगेनबाल्गचा भाषाशिक्षक झाला, आणि त्याच सेवेमुळे अधिकाऱ्यांचा रोष होऊन त्यास तरंगंबाडी सोडावी लागली. हे मत खरे धरले तर पत्रव्यवहाराचे मोल कमी होते काय? शंभर पंडितांच्या सभेऐवजी एका बहुश्रुत, दोन्ही जगे पाहिलेल्या आणि दोन्हींकडून पोळलेल्या माणसाचे मनोगत हाती येते, एवढाच फरक पडतो. आपल्या शिष्याने स्वीकारावयास सांगितलेला धर्म त्या गुरूने स्वीकारला नाही, आणि त्यामुळे त्यांची मैत्री तुटल्याचेही दिसत नाही.

युरोपात या पत्रांचा प्रवास लांबवर झाला. हालेहून १७१० पासून मिशनचे वृत्तांत क्रमशः निघू लागले होते. १७७२ पर्यंत त्यांचे १०८ भाग प्रसिद्ध झाले. प्रॉटेस्टंट मिशनांच्या नियतकालिक वाङ्मयाचा हा आरंभ समजला जातो. लंडनमधील ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने मिशनऱ्यांची आरंभीची पत्रे इंग्रजीत आणली आणि मिशनला छापखाना पाठविला. हालेहून तमिळ खिळे आले, आणि १७१५ साली तमिळ भाषेतील 'नवा करार' तरंगंबाडीत छापून पुरा झाला. जेनकिन टॉमस फिलिप्स याने मलबारी पत्रांतील काही निवडून १७१७ मध्ये लंडनला इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याने मिशनऱ्यांना स्वतःच्या सहीचे पत्र पाठविले. एपवर्थ या इंग्लंडमधील खेड्यात सुझाना वेस्ली या धर्मोपदेशकाच्या पत्नीने तरंगंबाडीचा वृत्तांत ऐकला आणि आपल्या प्रत्येक मुलाशी आठवड्यातून एकदा निवांत बसून धर्मविषयक संभाषण करण्याचा नेम धरला. त्या मुलांपैकी जॉन वेस्ली पुढे मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक झाला. कोरोमंडल किनाऱ्यावरून निघालेल्या पत्राने इंग्लंडमधील एका घराचा दिनक्रम बदलावा, हे पत्र या साधनाचे सामर्थ्य होय.

याहूनही लांबचा प्रवास अमेरिकेचा. बोस्टन नगरातील प्रख्यात धर्मोपदेशक कॉटन मॅदर याचा हालेच्या फ्रांकेशी लॅटिनमधून पत्रव्यवहार होता. त्याच्याकडून तरंगंबाडीची वार्ता कळल्यावर मॅदरने १७१७ च्या शेवटच्या दिवशी त्सीगेनबाल्गला एक पत्र लिहिले. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, पाहण्याची आशाही नव्हती. एक अमेरिकेच्या आदिवासींमध्ये, ज्यांना युरोपीय लोक चुकीने 'इंडियन' म्हणत, ख्रिस्ती धर्म पसरविण्याची खटपट करणारा. दुसरा खऱ्याखुऱ्या हिंदुस्थानात तीच खटपट करणारा. पूर्व व पश्चिम अशा दोन्ही 'इंडियां'च्या उपदेशकांनी हात जोडून घ्यावेत, अशी मॅदरची उत्कंठा होती. पत्र समुद्रमार्गे कूच करीत असताना काळाने आपले काम केले. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्सीगेनबाल्ग तरंगंबाडीत मरण पावला. बोस्टनच्या पत्राला उत्तर लिहिले ते ग्रुंडलरने. ही पत्रे मॅदरने १७२१ साली 'इंडिया ख्रिस्तियाना' या आपल्या पुस्तकात छापली, तेव्हा ग्रुंडलरही हयात नव्हता. १७२० च्या मार्चमध्ये त्याचाही अंत झाला होता. तीन खंडांना जोडणारी ती मैत्री कागदावरच जन्मली आणि कागदावरच राहिली.

परंतु या पत्रमैत्रीला तिच्याच घरातून एक मर्यादा पडली होती. त्सीगेनबाल्गने १७१३ साली दक्षिणेतील देवदेवतांची एक विस्तृत वंशावळ तयार केली होती. तमिळ ग्रंथ व मलबारी पत्रे यांच्या आधारे लिहिलेला हा ग्रंथ त्याने हालेस धाडला. फ्रांकेने तो छापला नाही. मिशनरी तिकडे पाठविले ते मूर्तिपूजेचा उच्छेद करण्यासाठी, तिची माहिती युरोपात पसरविण्यासाठी नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय सांगितला जातो. हा ग्रंथ ग्रंथकर्त्याच्या नावाने छापून निघाला तो १८६७ साली, मद्रासमध्ये, लिहिल्यानंतर दीडशे वर्षांनी. पत्रे लिहिणाऱ्याला समोरच्या माणसाची ओळख होत गेली. पत्रांचा खर्च चालविणाऱ्याला त्या ओळखीची भीती वाटली. धर्मप्रसारासाठी केलेल्या प्रत्येक मैत्रीत हा ताण असतो. मित्राचे म्हणणे खरोखर ऐकावे तर आपले उद्दिष्ट लांबते, आणि उद्दिष्टाचीच घाई करावी तर ती मैत्री राहत नाही.

तरंगंबाडीच्या सरहद्दीपलीकडे मराठ्यांच्या राज्यात या मिशनचा शिरकाव हळूहळू झाला, आणि त्याचाही एक मार्ग अक्षरांचाच होता. तंजावरच्या सैन्यातील राजनायक्कन नावाच्या एका रोमन कॅथलिक सैनिकाच्या हाती तरंगंबाडीचा तमिळ 'नवा करार' पडला. तो वाचून त्याने मिशनऱ्यांशी संबंध जोडला आणि पुढे तो त्यांचा उपदेशक झाला. १७३३ साली आरोन या तमिळ गृहस्थास पाद्री म्हणून दीक्षा मिळाली. १७५० साली तरंगंबाडीस आलेला क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्स याने पुढे तंजावर हीच आपली कर्मभूमी केली. तुळजाजी राजांचा त्याच्यावर इतका विश्वास बसला, की १७८७ साली मरणसमयी त्यांनी आपला दत्तकपुत्र सरफोजी याचा सांभाळ श्वार्त्सच्या स्वाधीन केला. श्वार्त्स आणि त्याचा मद्रासमधील सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली या मराठा राजपुत्राचे शिक्षण झाले. श्वार्त्स १३ फेब्रुवारी १७९८ रोजी वारला. सरफोजी त्याच वर्षी गादीवर बसला.

या गुरुशिष्यांचे नाते म्हणजे मलबारी पत्रव्यवहारातील प्रश्नाला मराठा दरबारात मिळालेले उत्तर होय. श्वार्त्सच्या समाधीवर सरफोजीने स्वतः रचलेल्या इंग्रजी काव्यपंक्ती कोरविल्या. लंडनच्या त्याच ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेस त्याने १८०१ साली पत्र लिहून आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक करवून पाठविण्याची विनंती केली. जॉन फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराने ते घडविले, आणि आजही तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये ते पाहावयास मिळते. त्यात मरणशय्येवरील श्वार्त्सचा हात तरुण राजाने हाती धरलेला आहे. असे असूनही सरफोजीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. तो शिवभक्त राहिला, काशीयात्रा करून आला, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास त्याने मराठीतून कोरविला. गुरूपासून त्याने घेतले ते विद्येचे प्रेम. त्याच्या मुद्रणालयात १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापले गेले. महाराष्ट्रात मराठी मुद्रणाचा जम बसण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभवही मुख्यतः त्याच्याच संग्राहक वृत्तीचे फळ.

एकोणिसाव्या शतकात टपालाची आगबोट सुरू झाली, वर्षाचे अंतर आठवड्यांवर आले, आणि हाच प्रश्न महाराष्ट्रातील घरांत येऊन उभा राहिला. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशनऱ्यांची मदत मागितली. तो पत्रव्यवहार रॉयल वाइल्डर यांनी आपल्या मिशनरी नियतकालिकात छापला, व ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला त्यास जोडला. न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो मजकूर १८८० साली योगायोगाने वाचला. त्यांनी सल्ल्याकडे दुर्लक्ष करून आनंदीबाईंना पत्र लिहिले, आणि न पाहिलेल्या दोन स्त्रियांत मावशी-भाचीचे नाते जुळले. आनंदीबाई १८८३ साली त्यांच्या घरी राहावयास गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि १८८७ साली पुण्यास वारल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांच्या रक्षेचा काही अंश कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवला गेला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तरी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, आणि जो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात आज्ञाधारकपणाच्या अपेक्षेला त्यांनी पदोपदी विरोध केलेला दिसतो. धर्म स्वीकारला तरी विचार करण्याचा अधिकार गहाण टाकलेला नाही, हे त्यांनी आपल्या हितचिंतकांना पत्रांतूनच बजावले. एकीने धर्म पालटला नाही, दुसरीने पालटला. पत्रांच्या कसोटीला दोघीही सारख्याच उतरल्या.

डेन्मार्कने १८४५ साली तरंगंबाडी इंग्रजांना विकली. १८५५ साली तंजावरचे मराठा राज्यही इंग्रजी अमलात विलीन झाले. किल्ला आहे, १७१८ साली त्सीगेनबाल्गने उपासनेस खुले केलेले 'नवे येरुशलेम' हे चर्च आहे आणि त्यात त्याचे थडगे आहे. हालेस फ्रांकेच्या संस्थानाच्या दफ्तरखान्यात त्या काळची पत्रे व ताडपत्रे जपून ठेवलेली आहेत. मिशनचा इतिहास सांगणारे बहुधा दीक्षा घेतलेल्यांची संख्या मोजतात, आणि मिशनचे विरोधकही तेच आकडे हाती घेऊन वाद घालतात. त्या ९९ पत्रांचा हिशेब दोन्ही पक्षांच्या वहीत बसत नाही. ती मागविली गेली ती लिहिणाऱ्यांचा धर्म पालटावा म्हणून. लिहिणाऱ्यांनी मात्र त्या निमित्ताने आपला धर्म, आपला आचार आणि आपला स्वाभिमान शांतपणे मांडून ठेवला. ज्यांनी ती मागविली त्यांनी ती फाडून टाकली नाहीत. आपल्या मताविरुद्ध आलेले उत्तर जपून ठेवणे, त्याचे प्रामाणिकपणे भाषांतर करणे आणि ते आपल्याच लोकांना वाचावयास देणे ही सोपी गोष्ट नाही. अठराव्या शतकातील दोन तरुण जर्मन उपदेशकांना ती साधली, आणि त्यांना उत्तर देणाऱ्या तमिळ विद्वानांना परक्याशी निर्भयपणे व सभ्यतेने बोलणे साधले. अनेक धर्म आणि अनेक भाषा एकत्र नांदणाऱ्या या देशात त्या पत्रव्यवहाराची आठवण ठेवावयास हे एवढे कारण पुरेसे आहे.